असईचा हत्ती, कवटी आणि गरुड : ब्रिटिश घोडदळ ऑफिसरांचे बिल्ले जमवणारं कोणी आहे का इथे?

जुनी_पेटी
मंडळी, नाणी-तिकिटांचे धागे इथे ढिगाने आहेत पण मिलिटरीचे जुने बिल्ले जमवणारं कोणी दिसेना म्हणून हा धागा काढतोय. माझा नाद ब्रिटिश घोडदळातल्या ऑफिसर लोकांच्या बिल्ल्यांचा, म्हणजे टोपीवरचा बॅज, कॉलरवरची जोडी, खांद्यावरचे स्टार आणि मुकुट, नशिबात असेल तर पाऊचच्या पट्ट्यावरचं काम वगैरे. साध्या शिपायांचे पितळी बॅज पण छान असतात, पण ते सरकारी, एकासारखा एक. ऑफिसर मात्र युनिफॉर्म स्वतःच्या खिशातून शिवून घ्यायचा, त्यामुळे नियम एकच असला तरी शिंपी वेगळा, बॅज बनवणारा वेगळा, एकाचा चांदीचा तर दुसऱ्याचा नुसता मुलाम्याचा, आणि एकाच रेजिमेंटचे दोन नग शेजारी ठेवले तर घोड्याचं शेपूट सुद्धा जुळत नाही. हीच तर मजा आहे.

आता मुद्द्याचा प्रश्न. जुन्या बाजारात एक चांदीचा हत्ती मिळालाय, इंग्रजीत ‘असई’ लिहिलेला. विकणारा शपथेवर सांगत होता की असईच्या लढाईतल्या गोऱ्या घोडेस्वाराच्या अंगावरचा आहे. तेवढं काही मी गिळलं नाही पण १९ व्या हुसारच्या (हुसार, ड्रगून, लान्सर हे ब्रिटिश घोडदळाच्या रेजिमेंटचे प्रकार) ऑफिसरचा कॉलर बॅज असू शकेल का? जाणकारांनी सांगा.

ठोकळा
विषय एकदम वेगळा! रुमाल टाकून ठेवतो. काही कळत नाही पण वाचतोय.

खडकीचा_बंड्या
पेटीशेठ, लढाईतला असणं शक्यच नाही, कारण हत्ती मिळाला तोच लढाईबद्दल बक्षीस म्हणून. लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, गाव असई, आता जालना जिल्ह्यात भोकरदन तालुका, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, त्याच्याकडे गोरं घोडदळ म्हणावं असं एकच होतं, १९ वी लाइट ड्रगून, बाकी मद्रासचे देशी रिसाले. घोडदळाचा ब्रिगेड ज्याच्या हाताखाली होता तो कर्नल मॅक्सवेल याच १९ व्याचा आणि तो तिथेच पडला. त्यानंतर ‘असई’ हे नाव आणि हत्ती वापरायचा मान मिळाला.

आणि पुढची गंमत बघा, ही १९ वी लाइट ड्रगून १८२१ ला मोडीत काढली. संपली. मग १८५८ मध्ये उठावाच्या धामधुमीत कंपनीने बंगालमध्ये गोऱ्यांचे नवे रिसाले उभे केले, त्यातला पहिला नंतर राणीच्या फौजेत घेतला आणि त्याला रिकामा असलेला १९ नंबर दिला, ती १९ वी हुसार. माणसं वेगळी, वंश वेगळा, फक्त नंबर तोच, पण जुन्या १९ चा हत्ती त्यांनी पुढे स्वतःच्या अंगावर घेतला. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये ब्रिटिश फौजेचा मुख्य असलेला जॉन फ्रेंच याच रेजिमेंटमध्ये वाढला. म्हणजे तुमचा हत्ती १९ व्या हुसारचा असला तरी व्हिक्टोरियाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा, १८०३ चा नाही.

अजून एक. असईचा हत्ती फक्त घोडदळाकडे नव्हता. ७४ वी आणि ७८ वी या दोन स्कॉटिश पायदळ पलटणींना पण मिळाला, त्या पुढे हायलँड लाइट इन्फन्ट्री आणि सीफोर्थ हायलँडर्स झाल्या, मद्रासच्या काही पलटणींना पण. त्यामुळे हत्ती दिसला की लगेच हुसार म्हणायचं नाही. मागची बाजू दाखवा. पुढून फोटो सगळेच टाकतात, खरं काय ते पाठीमागे असतं.

बारगीर
माफ करा पण मला हे जमवणं समजत नाही. ज्यांनी झाशीची राणी मारली, तात्या टोप्यांना रानोमाळ पळवलं, त्यांचे बिल्ले आपण पैसे देऊन घ्यायचे, वर पॉलिश करून काचेत ठेवायचे? आपल्या शिलेदार-बारगिरांचं काही जमवा की.

शिलेदार_सातवा
बारगीरजी प्रश्न रास्त आहे, टोमणा म्हणून नाही घेत. पण आपल्या बारगिरांच्या अंगावर बिल्ला नव्हताच हो, काय जमवणार, आणि त्यांच्यावर चालून कोण आलं होतं हे नावानिशी सांगता यायला हवं ना. कोटा-की-सराय, ग्वाल्हेरच्या बाहेर, जून १८५८ (१७ की १८ हा आपल्याकडचा जुना वाद), तिथे राणीवर चालून आलेले ते ८ वी हुसार, किंग्ज रॉयल आयरिश. त्यांचं चिन्ह वीणेसारखं आयरिश हार्प आणि वर मुकुट. त्या एका चकमकीसाठी त्या रेजिमेंटच्या चौघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, एक कॅप्टन, एक सार्जंट, एक नालबंद आणि एक साधा शिपाई. तात्यांच्या मागे माळव्यात जे फिरले त्यात १७ वी लान्सर, कवटीवाली. झाशीच्या वेढ्याला आणि बेतवाच्या लढाईला १४ वी लाइट ड्रगून, इंग्रज सेनापती ह्यू रोजबरोबर. हे सगळं मला शाळेत कोणी सांगितलं नाही, बिल्ल्यामागे लागलो म्हणून कळलं. जमवणं म्हणजे पूजा नाही.

आणि यातूनच एक उपयोगाची गोष्ट. ‘राणीला मारणाऱ्या हुसारचा बॅज’ असं सांगून हार्पचा कॅप बॅज विकणारे भेटतात. १८५८ ला तसला धातूचा कॅप बॅज टोपीवर नसायचाच. आज आपण ज्याला कॅप बॅज म्हणतो तो १८९० च्या दशकातल्या टोप्यांबरोबर आला, कॉलर बॅज त्याच्या वीसेक वर्षं आधी. खाली स्क्रोलवर रेजिमेंटचं नाव असलेला हार्प म्हणजे फार तर १८९० च्या दशकातला किंवा त्यानंतरचा माल. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी बरेच पैसे वाचतील.

बारगीर
नावानिशी सांगता यायला हवं हे पटलं. पूजा नाही म्हणता पण काचेच्या कपाटाचं काय ते बोला :) असो, कवटीवाल्यांचं सांगा आता.

शिलेदार_सातवा
हाहा, कपाट आहे खरं.

कवटी : १७ वी. ब्रिटिशांचा जनरल वुल्फ १७५९ ला कॅनडात क्विबेकच्या लढाईत मेला, ती बातमी घेऊन लंडनला गेलेला कर्नल जॉन हेल, त्यानेच परत येऊन ही रेजिमेंट उभी केली आणि वुल्फच्या स्मरणार्थ कवटी-हाडं घेतली. बोधवाक्य ‘डेथ ऑर ग्लोरी’, मृत्यू किंवा कीर्ती, पण खाली पट्टीवर फक्त ‘ऑर ग्लोरी’ लिहिलेलं असतं, ‘डेथ’ हा शब्द लिहिलेला नसतो, तो कवटीच सांगते. नवखे लोक अर्धा तुटलाय म्हणून परत करतात असं एका व्यापाऱ्याने मला सांगितलं होतं, खरं खोटं तो जाणे. १९२२ ला कपातीत घोडदळाच्या जोड्या लावल्या, तेव्हा १७ वी आणि २१ वी एकत्र झाली पण कवटी टिकली, आजच्या रॉयल लान्सर्सच्या टोपीवर पण तीच आहे. त्यामुळे कवटीचा बॅज सगळ्यात जास्त मिळतो आणि सगळ्यात जास्त खोटा पण मिळतो. मी कवटी घेणं सोडून दिलंय.

त्यापेक्षा २१ व्या लान्सरचा बघा. यांच्याकडे बरीच वर्षं एकही बॅटल ऑनर (लढाई गाजवल्याबद्दल रेजिमेंटला मिळणारा त्या लढाईच्या नावाचा मान) नव्हता, बाकीचे यांची टर उडवायचे की यांचं बोधवाक्य ‘तू हत्या करू नकोस’ असणार. मग १८९८ ला सुदानात ओमदुर्मनला त्यांनी चार्ज केला, त्यात ४ थ्या हुसारचा उसना आलेला चर्चिल पण होता, आणि राणीने ‘एम्प्रेस ऑफ इंडियाज’ हा किताब दिला. बॅजवर दोन भाले आणि व्हिक्टोरियाची सम्राज्ञी म्हणून असलेली अक्षरं. राणी १९०१ ला वारली तरी ती अक्षरं १९२२ पर्यंत तशीच राहिली, म्हणजे अक्षरं बघून ‘व्हिक्टोरियाच्या काळातला’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला हसून सोडून द्या.

शिसपेन्सिल
अवांतर : चर्चिल याच ४ थ्या हुसारबरोबर १८९६ ला मुंबईला उतरला तेव्हा ससून डॉकला बोटीतून धक्क्यावर चढताना त्याचा खांदा निखळला, जन्मभर तो खांदा त्रास देत राहिला. तिथून पुण्याला छावणीत आणि मग बंगलोर. असो चालू द्या.

आत्याबाई_बर्मिंगहॅमवाल्या
इतकी वर्षं नुसती वाचक होते, आज या धाग्यासाठी पासवर्ड शोधून काढला. आमच्या गावातच हा माल बनायचा बरं का. बॅज बनवणारा गॉन्ट इथला, लंडनमध्ये फर्मिन वगैरे. ऑफिसरचा चांदीचा बॅज असेल तर मागे बारीक छाप शोधा, भिंग घेऊन. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला तपासलेली, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. सोबत एक अक्षर असतं ते वर्षाचं, ते तक्त्यात बघायचं, पण कुठल्या गावचा छाप ते आधी नक्की करा कारण प्रत्येक गावचा तक्ता वेगळा आणि तेच अक्षर वेगळ्या धाटणीत परत परत येतं. अजून एक, व्हिक्टोरिया राणीचं डोकं कोरलेलं असेल तर तो कराचा छाप, तो १८९० ला बंद झाला, म्हणजे वस्तू त्याच्या आधीची किंवा फार तर त्याच वर्षाची.

पण छाप नाही म्हणजे खोटा असं पण नाही हं, मुलाम्याचे आणि ब्राँझचे ऑफिसर बॅज बिनछापाचेच असतात. १९०२ पासून खाकी सर्व्हिस ड्रेस आला त्यावर चमकणारं काही नको म्हणून ऑफिसरांनी काळपट तपकिरी ब्राँझचे बॅज लावले. ते दिसायला अगदीच मळके, त्यामुळे भारतात लोक त्यांना घासून पिवळे करून ठेवतात, जीव जातो बघून.

जुनी_पेटी
सगळ्यांचे खूप आभार, एवढी माहिती एका जागी कुठे मिळाली नव्हती. मागची बाजू बघितली भिंगाने. सिंह आहे, नांगर आहे, अक्षर झिजलंय. पण कड्या नाहीत, आडवी पिन आहे, साडीपिनेसारखी, बिजागरीवाली. आणि आकार तसा लहानच आहे. फोटो टाकलेत.

खडकीचा_बंड्या
पिन! मग बघा, दोन शक्यता. ऑफिसरच्या कॉलर बॅजला मागे दोन कड्या असायच्या, कापडातून आत घालून आतल्या बाजूने दुपाखी पिन सरकवायची. बॅज घरी परत आला की बायकोने किंवा मुलीने सोनाराकडून कड्या काढून तिथे पिन बसवून घेतली असं पुष्कळ झालंय. तसं असेल तर कड्या जिथे होत्या तिथे डाख घासल्याचे दोन डाग राहतात, कितीही साफ केलं तरी. तुमच्या फोटोत ते डाग नाहीत, पिनेचा डाख पण एकदम सफाईचा, फॅक्टरीतला. म्हणजे हा पहिल्यापासून ब्रोच म्हणूनच बनवलाय. याला तिकडे स्वीटहार्ट ब्रोच म्हणतात, लढाईवर गेलेल्याने बायकोला, आईला, जिच्याशी ठरलंय तिला द्यायचा रेजिमेंटच्या चिन्हाचा दागिना. पहिल्या महायुद्धात तर सोनारांनी धो धो बनवले, चांदीचे, सोन्याचे, शिंपल्यावर बसवलेले.

युनिफॉर्मवरचा नाही, पण छाप खरा आहे आणि ठशाचं काम स्वच्छ आहे. मी असतो तर ठेवला असता.

आत्याबाई_बर्मिंगहॅमवाल्या
बंड्या बरोबर बोलतोय. आणि ब्रोचच्या मागे बिल्ल्यांइतके लोक लागत नाहीत म्हणून त्याच्या नकला पण कमी निघतात. हत्ती कुठल्या रेजिमेंटचा ते ब्रोचवरून ठरवायला जाऊ नका, सोनाराने एकच ठसा तिघांच्या बायकांना विकला असेल.

नवखा_रिसालदार
नमस्कार, नवीन आहे. खोटा ओळखायचा कसा हे कोणीतरी जरा सविस्तर लिहा ना, ऑनलाइन तर सगळेच खरे दिसतात.

खडकीचा_बंड्या
लिहितो, नाहीतरी टाइप करत बसायचंच आहे.

जुना बॅज ठशाचा. पत्र्यावर वरून ठसा ठोकला की पुढे जो उठाव येतो तोच मागे खळगा होऊन दिसतो. खोटा बहुतेक ओतीव, खऱ्यावरून साचा काढून धातू ओतलेला, त्याची पाठ सपाट नाहीतर बारीक बारीक भोकांची, सुईने टोचल्यासारखी. ओतीव धातू थंड होताना आक्रसतो म्हणून नकल खऱ्यापेक्षा केसभर लहान भरते, व्हर्नियर असेल तर मोजा. घोड्याची आयाळ, मुकुटातले मोती, गरुडाची पिसं ही आधी मऊ पडतात, पण झिजलेली आणि ओतून मऊ पडलेली यात फरक असतो, झीज फक्त उंच जागी होते, ओतकामात खोलगट जागा पण धूसर दिसतात. मुकुट आणि पट्टी यांच्यामधली मोकळी जागा खऱ्यात कापून आरपार काढलेली असते, नकलेत तिथे पत्रा राहतो किंवा कानस मारल्याचे ओरखडे.

यापेक्षा वाईट म्हणजे जुन्याच ठशावरून नंतर मारलेले. ठसा खरा, बॅज नवा. तिथे धातूचा रंग, कडीची जाडी, डाखाचा रंग एवढंच हातात राहतं, आणि ते पन्नास खरे नग हातात धरल्याशिवाय येत नाही. म्हणून आधी म्युझियम बघा. अहमदनगरला (आता अहिल्यानगर) रणगाड्यांचं म्युझियम आहे ना, आर्मर्ड कोअरचं, लोक रणगाड्याबरोबर सेल्फी काढून परत येतात, तिथे घोड्यावरून रणगाड्यावर आलेल्या रेजिमेंट्सचा इतिहास पण बघण्यासारखा आहे.

मुकुट पण बघायचा. व्हिक्टोरियाच्या मुकुटाच्या कमानी वेगळ्या, मग १९०१ पासून पुढे पन्नास वर्षं ट्यूडर मुकुट म्हणजे ज्याला सगळे किंग्ज क्राउन म्हणतात तो, १९५२ नंतर एलिझाबेथचा सेंट एडवर्ड, मध्ये खोलगट. १९२२ ला मोडलेल्या रेजिमेंटच्या बॅजवर एलिझाबेथचा मुकुट दिसला की दुकानदाराला चहाचे पैसे देऊन निघायचं.

स्टारमोजणी
खांद्यावरच्या स्टारबद्दल मी लिहितो, त्याकडे कोणी बघत नाही. १८८० ला हुद्द्याची चिन्हं कॉलरवरून खांद्यावर गेली. तेव्हा सेकंड लेफ्टनंटला काहीच नाही, लेफ्टनंटला एक स्टार, कॅप्टनला दोन. १९०२ ला बदललं, एक-दोन-तीन असं झालं, तेच आपल्याकडे आजही आहे. त्यामुळे जुन्या फोटोत खांद्यावर दोन स्टार असतील तर फोटो १९०२ च्या आधीचा असल्यास तो माणूस कॅप्टन, नंतरचा असल्यास लेफ्टनंट, आणि लिलावाच्या वर्णनात यावरून भयंकर गोंधळ घालतात. हे स्टार ऑर्डर ऑफ द बाथ या ब्रिटिश सन्मानाचे, मध्ये तीन मुकुट आणि लॅटिनमध्ये ‘तीन एकात जुळलेले’ असं लिहिलेलं, भिंगाखाली वाचता येतं.

पैठणी_पदर
बिल्ल्यातलं कळत नाही पण जरीचं कळतं. नवऱ्याने एक हुसारचं सॅबरटॅश आणलंय, तलवारीच्या पट्ट्याला लोंबणारी चपटी चामड्याची पिशवी, वर सगळं जरीकाम. खरं आहे का?

शिलेदार_सातवा
ताई, फुल ड्रेसमधलं सॅबरटॅश १९०१ ला बंद झालं, खरं असेल तर व्हिक्टोरियाच्या काळातलंच. पण हेच सगळ्यात जास्त नव्याने बनतं. बनारस आणि सियालकोटला आजही ब्लेझरचे, बँडचे भरतकामाचे बॅज जगभरासाठी बनतात, उत्तम हात आहे त्यांचा, आणि त्यातलं काही जुनं म्हणून विकलं जातं. जरीवर तुम्हीच आम्हाला शिकवा, कशी ओळखता?

पैठणी_पदर
जुन्या जरीत आत चांदी, वर सोन्याचा मुलामा. ती काळपट, तांबूस होत जाते, तुकडे पडतात पण सुटलेला धागा नखाने ओढला तर तारेसारखा वळतो आणि वळलेलाच राहतो. नवी बरीचशी प्लास्टिकवर चढवलेली, ती काळी पडत नाही, परत सरळ होते, आणि चकाकी सगळीकडे सारखी. आमच्या तुकड्यात घडीच्या आतली जर उजळ आहे आणि बाहेरची काळी.

शिलेदार_सातवा
हे चांगलं लक्षण आहे. आता मागचं चामडं बघा, आणि कृपा करून जर चिंच-लिंबाने वगैरे उजळू नका. जशी आहे तशी.

बारगीर
पूना हॉर्सचं कोणी काही लिहिलं नाही? तो तर आपला, पेशव्यांच्या पडत्या काळात १८१७ ला इंग्रजांनी उभा केलेला रिसाला.

खडकीचा_बंड्या
वाट बघत होतो बारगीर कधी घसरतात ते :) पूना हॉर्सकडे चांदीचा हात आहे, पंजा. १८५७ च्या फेब्रुवारीत इराणमध्ये खुशाबला त्यांनी इराणी निशाण घेतलं, त्याच्या टोकाला हा हात, त्यावर कुराणातली ओळ, अल्लाचा हात त्यांच्या हातांवर आहे अशी. आज ते १७ हॉर्स, भारतीय सैन्यात. जुन्या सिल्लेदारी रिसाल्यांत स्वार स्वतःचा घोडा आणि बरंचसं सामान स्वतः आणायचा किंवा रेजिमेंटकडे पैसे भरून घ्यायचा, १९२१ पर्यंत. त्यामुळे सरकारी छापाचं काही नसतं, बाजारातल्या कारागिराकडून करून घेतलेलं, आणि म्हणून खरं खोटं ठरवणं इथे सगळ्यात अवघड. गोऱ्यांच्या रेजिमेंटचं ड्रेस रेग्युलेशनचं छापील पुस्तक तरी आहे.

माझ्याकडचा लाडका नग मात्र १४ व्या हुसारचा गरुड, हो तेच झाशीवाले. प्रशियाची राजकन्या इंग्लंडला सून म्हणून आली, तिच्यावरून १७९८ ला रेजिमेंटला ‘डचेस ऑफ यॉर्क्स ओन’ नाव आणि प्रशियाचा गरुड मिळाला. पुढे १९१५ ला जर्मनीशी युद्ध चालू असताना टोपीवर जर्मन गरुड कसा चालेल, काढला. १९३१ ला परत आला. म्हणजे मधल्या सोळा वर्षांत गार्टर (ब्रिटिश राजाच्या मानाच्या सन्मानाचा पट्टा) भोवती असलेला सिंहाचा बॅज, तो कमी मिळतो. याच लोकांनी १८१३ ला स्पेनमध्ये नेपोलियनच्या भावाच्या बग्गीतून चांदीचं मूत्रपात्र लुटलं आणि त्यातून मेसमध्ये शँपेन पितात, पिढ्यानपिढ्या.

ठोकळा
हे शेवटचं वाचून जेवण लांबणीवर टाकलं. वाचनखूण साठवली.

नवखा_रिसालदार
पावसाळ्यात कसे ठेवता? माझे दोन हिरवे पडले.

स्टारमोजणी
नाण्यांचे मऊ प्लास्टिकचे अल्बम फेकून द्या पहिले, ते पीव्हीसीचे असतात आणि त्याचाच हिरवा चिकटा बसतो. रबरबँड नको, लोकरीचं कापड नको, दोन्हीतून गंधक सुटतं आणि चांदी काळी होते. साधा आम्लविरहित कागद, घट्ट डबा, सिलिका जेल, आणि ते जेल अधूनमधून तव्यावर गरम करून परत वापरायचं. हात लावायचाच तर कडेने.

आत्याबाई_बर्मिंगहॅमवाल्या
बंड्या, तुझा गरुड मी डिसेंबरात येईन तेव्हा घेऊन जाऊ का इकडे? विंचेस्टरला १४ व्याचं म्युझियम आहे, १० वी आणि ११ वी हुसार पण त्यातच, तिथे दाखवता येईल.

खडकीचा_बंड्या
आत्या नको. गरुड १९१५ च्या आधीचा आहे म्हणजे शंभरच्या वर गेला, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांची वस्तू आपण देशाबाहेर नेऊ शकत नाही, मुळात बनली तुमच्याच गावात असली तरी. एअरपोर्टवर तुम्ही अडकाल. पुढून, मागून आणि कडेने असे तीन फोटो शेजारी पट्टी ठेवून काढून पाठवतो, तेच दाखवा त्यांना.